केशर संपलं होतं का रे?

यंदा पाडव्याचं श्रीखंड मी करणार, असं घरात जाहीर केलं तेव्हा कोणी विरोध केला नाही. फक्त बायकोने हळूच दुकानातलं पाव किलो आणून फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवलं. रात्रभर चक्का टांगला, साखर मुरवली, पुरणयंत्रातून फिरवून दंड भरून आले. मग काश्मीरला जाऊन आलेल्या मित्राने दिलेली केशराची डबी काढली आणि मोजून बारा काड्या कोमट दुधात भिजत घातल्या. डबी आकाराने बाळगुटीच्या चमच्याएवढी, त्यामुळे मोजावंच लागतं.

पाटावर बसताच आत्याने वाटीत डोकावून पाहिलं. "केशर संपलं होतं का रे?"

खरं तर तिचंही चुकलं नव्हतं. वाटीतला रंग सायीपेक्षा जरासा पिवळा, एवढंच. मी वाट्या उचलून आत गेलो. फडताळात हिंगाच्या डबीमागे जिलेबीच्या रंगाची डबी असते. ती कधी आणली ते कोणी सांगू शकत नाही आणि ती कधी संपतही नाही. त्यातली चिमूट दुधात कालवली, दूध श्रीखंडात. आता वाटीतला रंग रिक्षा संघटनेच्या झेंड्याला शोभेलसा झाला. आत्याने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हं, आता लागतंय केशर."

लागतंय म्हणाली. दिसतंय नव्हे.

चिमटीतून ओट्यावर काहीतरी सांडलं असणार, पण कोरडं असताना ते दिसत नाही. रात्री ओल्या फडक्याने ओटा पुसला तर एकेका कणातून केशरी शेपट्या फुटत गेल्या. पुसावं तेवढ्या वाढतात. नखांतला रंग तर मंगळवारपर्यंत टिकला आणि ऑफिसात मला दोघांनी विचारलं, घरी कार्य होतं का.

गंमत अशी, की केशराची काडी लाल असते आणि दुधात उतरतो तो रंग पिवळा. आपण ज्याला केशरी म्हणतो तो या दोन्हींच्या मधला कुठला तरी. केशराने तो आणायचा तर मूठ सैल सोडावी लागेल. आणि एका फुलात तीनच काड्या, किलोभर केशराला सुमारे दीड लाख फुलं, हा हिशेब कळला की मूठ आपोआप आवळते. आपल्या नावाचा रंग केशराला स्वतःला परवडत नाही. तो परवडतो सनसेट यलोला. काय नाव आहे! पिवळा सूर्यास्त. एखाद्या नवकवीने संग्रहाला द्यावं असं, आणि ते छापलेलं असतं जिलेबीच्या रंगाच्या पुडीवर, टार्ट्राझिनच्या शेजारी.

असे आठ कृत्रिम रंग आपल्याकडे कायद्याने खायला चालतात, तेही ठरावीक पदार्थांत आणि सर्वसाधारणपणे किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत. आमच्या घरातला सगळ्यात अचूक काटा कांदे-बटाट्यांचा आहे. तेव्हा माझी चिमूट कायद्यात बसली की नाही, हे देव जाणे आणि आत्या.

"आमच्या वेळी असलं केमिकल नव्हतं," हे आत्याचं पालुपद. तिच्या वेळी म्हणजे नेमकं कधी, हा प्रश्न आहे. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा सुट्टीत घरी क्विनाइन बनवायला बसला. कच्चा माल दगडी कोळशाच्या डांबरातला. क्विनाइन काही झालं नाही, भांड्याच्या तळाशी काळा गाळ बसला आणि तो धुताना जांभळा रंग निघाला. तिथून डांबरी रंगांची रांग लागली. आधी लुगड्यांना, मग लाडवांना. त्याआधी सगळं सात्त्विक होतं असंही नाही. त्याच लंडनमध्ये 1820 साली फ्रेडरिक आक्कुम या रसायनशास्त्रज्ञाने भेसळीवर पुस्तक लिहिलं. पोरांच्या गोळ्यांना शिशाच्या आणि तांब्याच्या क्षारांनी रंग देतात, हे त्याने चव्हाट्यावर मांडलं. त्यापुढे जिलेबीचा रंग म्हणजे तीर्थच.

आणि आत्यानेच मला लहानपणी गाडीवरचा काला खट्टा गोळा खाऊ घातला होता. घरी गेल्यावर आईने "जीभ दाखव" म्हटलं. काय दाखवणार? तो रंग म्हणजे गुन्हा, पुरावा आणि कबुलीजबाब सगळं एकत्र. आत्याने तोंडच उघडलं नाही. ती सुटली.

एकदा डोळ्यांना सवय लागली की मग खरी वस्तूच खोटी दिसायला लागते. घरी पिस्ते वाटून बर्फी केली तर ती शेवाळी-मातकट होते. बघणारा विचारतो, जुने होते का पिस्ते? केकवरची लालबुंद चेरी बऱ्याचदा आपलं करवंद असते. डोंगरच्या काळ्या मैनेला कच्ची असताना पाकात बुडवायचं, गुलाबी रंगात न्हाऊ घालायचं आणि परदेशी नावाने बेकरीत उभं करायचं. टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण तिला स्वतःचा रंगही नाही आणि फारशी चवही नाही, तरी कापून रंगवली की लाल, हिरवी, पिवळी अशी तीन-तीन फळं व्हायची तिची तयारी असते.

हे सगळं आत्याला सांगायचं मी टाळलं. कारण निघताना तिने दोन गोष्टी मागितल्या: उरलेलं श्रीखंड आणि मसाला दुधाला चार केशराच्या काड्या. श्रीखंड डब्यात दिलं. काड्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या, पाम्पोरच्या, अस्सल. केशर पारखायची नेहमीची परीक्षा मीही करून पाहिली होती: पाण्यात टाकलं की लगेच रंग सोडतं ते बनावट. खरं केशर सावकाश पिवळं उतरतं आणि काडी लालच राहते.

दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"अरे, तुला त्या काश्मीरवाल्याने चांगलंच फसवलं. दहा मिनिटं झाली, दूध नुसतं पिवळं आणि काड्या आपल्या लालच्या लाल. मी टाकून दिलं ते. तू श्रीखंडात घातलं होतंस ना, त्यातलं दे पाठवून."