कळसदर्शनी प्लॉट

शेगाव स्टेशनाबाहेर कचोरीच्या दुकानापाशी एखादा गृहस्थ परगावच्या पाहुण्याला बोटानं हवेत चौकोन काढून दाखवत असेल, तर ते भाऊ समजावेत. प्रत्येक आळीत एक असतोच. नोकरी जिल्हा परिषदेत झालेली, व्यासंग मात्र प्लॉटचा. पाहुणा नुसता "दर्शन छान झालं" म्हणाला, की भाऊ विचारतात, "मंग इथंच एखादा तुकडा कायले नाही घेत? भाव वाढून राहिला."

भाऊंचं मूल्यमापन गजानन महाराजांच्या मंदिराच्या कळसापासून सुरू होतं. प्लॉटवर उभं राहून कळस दिसला, तर फुटामागं शंभर रुपये जास्त. टाचा उंचावून दिसला, तर पन्नास. दिसलाच नाही, तर "दोन मजले चढवा, मंग पाहा." अंतर ते मिनिटांत सांगतात, कशानं, ते सांगत नाहीत. एक पाहुणा हट्टानं पायी निघाला, तेव्हा भाऊंच्या पाच मिनिटांत अर्धा तास मावला.

भाड्याचा हिशोब तर ऐकण्यासारखा. "प्रकटदिनाले पाय ठेवाले जागा नसते. येवढे लोक झोपतात कुठं?" हा त्यांचा हुकमी प्रश्न. खरं उत्तर असं, की त्यातले बरेच जण संस्थानच्या भक्तनिवासात झोपतात, आणि तिथले दर पाहिले की भाऊंच्या खोलीकडं कोणी वळत नाही. शिवाय प्रकटदिन वर्षातून एकदाच येतो. भाऊंच्या वहीत बाराही महिने माघ वद्य सप्तमी!

खर्चाच्या रकान्यात मात्र त्यांचा हात आखडता. नोंदणी फी एक टक्का आणि फार तर 30,000 रुपये, हे तोंडपाठ. मुद्रांक शुल्क तिच्या कित्येक पट होतं, ते "थोडंफार लागते" मध्ये जातं. 2021 पासून बाईच्या नावावर एक टक्का सवलत आहे म्हणून त्यांनी एक प्लॉट वहिनींच्या नावावर घ्यायचं ठरवलं. ती सवलत राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही, हे दस्त लिहिण्याच्या दिवशी कळलं. भाऊ म्हणाले, "सरकारले दूरदृष्टीच नाही."

आणि जमीन? काळी, चिकण. कपाशीला उत्तम, पायव्याला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरमापर्यंत खोदता खोदता घरमालकाचं बजेटच खड्ड्यात जातं. बोअर मारावं, तर हा खारपाणपट्टा. पाणी मचूळ लागण्याचीच भीती. यातलं काहीही भाऊ फुटाच्या भावात धरत नाहीत. ते म्हणतात, "हे घर बांधणाऱ्याचे खर्च. आपण गुंतवणूक करून राहिलो."

त्यांच्या एकाच जागेचे भाव माणसागणिक बदलतात. पालिकेच्या कर्मचाऱ्यासमोर ती पडीक, फुकट कोणी घेईना अशी. मुलाची सोयरीक जुळवताना पन्नास लाखांची इस्टेट. आणि बहिणीनं वडिलांच्या जागेतला हिस्सा मागितला, तेव्हा रेडी रेकनरचा दर! एरवी त्या तक्त्यांची टिंगल करणारे भाऊ त्या दिवशी सरकारवर इतके विश्वासून होते, की बहीणही चकित झाली.

वहिनी पोस्टाच्या बचत एजंट. फार बोलत नाहीत. परवा पाहुण्यांसमोर भाऊंनी छाती काढून सांगितलं, "लाखाचा प्लॉट, वीस वर्षांत चार लाख. चौपट!" वहिनींनी चहाचे कप ठेवता ठेवता म्हटलं, "आजच्या दरानं किसान विकास पत्र 115 महिन्यांत दुप्पट होते. म्हंजे चौपट व्हाले 230 महिने. तुमाले 240 लागले. त्यात तारेचं कुंपण, दरसालचा टॅक्स अन् गवत काढाची मजुरी धरलीच नाही."

खोलीत शांतता पसरली. पाहुण्यानं बिस्किट बुडवलं, ते चहातच राहिलं. भाऊ मात्र हरणाऱ्यातले नव्हेत.

"पोस्टाच्या कागदावरून," त्यांनी विचारलं, "कळस दिसते काय?"

याला वहिनींकडं उत्तर नव्हतं. तेव्हा शेगावात जागा घ्यायची असेल, तर पाहायला भाऊंना खुशाल सोबत न्या; बयाणा देण्याआधी हिशोब वहिनींना दाखवा. दुपारी दोननंतर त्या घरीच असतात.