पखवाजाने तुझं काय घोडं मारलं होतं?

मास्टरिंग करणाऱ्या भावा,

हिवरा आश्रमात झालेल्या भजनाचं तू ‘मास्टर’ केलेलं रेकॉर्डिंग मोबाइलवर आलं. हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि संताप आला. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर.

पखवाजाने तुझं काय घोडं मारलं होतं? भजनाआधी वादकाने डाव्या बाजूला ओली कणीक थापली, पुन्हा पुन्हा वाजवून खर्ज भरला. उजवी बाजू हातोडीने ठोकून पेटीच्या सुरात आणली. एवढ्या मेहनतीवर तू लिमिटरचा थ्रेशोल्ड खाली ओढून पाणी फिरवलंस. पहिली थाप आणि तिच्यामागचा घुमारा तुझ्या फाइलमध्ये एकाच मापाचे झालेत. सब घोडे बारा टक्के!

आणि टाळ? टाळ आदळतो त्या क्षणी आवाजाचं टोक सगळ्यात उंच जातं. लिमिटर ते टोक दाबतो, पण एकट्या टाळाला दाबत नाही, सगळं मिश्रणच खाली ढकलतो. म्हणून टाळ पडला की बुवांचा आवाज आत जातो, टाळ थांबला की उसळून वर येतो. बुवांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार दिलास तू. अभंगातला शब्द कळायला नको का? त्यावर कॅथेड्रलचा रिव्हर्ब ओतलास. उघड्या मंडपातल्या भजनाला दगडी चर्चचा घुमारा कशासाठी?

कशासाठी, ते मला ठाऊक आहे: मोठा आवाज. हा रोग तुझा एकट्याचा नाही. वेव्हज कंपनीचा एल-वन लिमिटर 1994 मध्ये आला आणि पुढे जगभर आवाज चढवण्याची चढाओढ लागली. 2008 मध्ये मेटॅलिका बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमच्या चढ्या आवाजाबद्दल तर त्यांच्याच हजारो चाहत्यांनी तक्रारीवर सह्या केल्या. पण आज या चढाओढीचा उपयोग काय? यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं हे माप) वरची गाणी स्वतःच खाली आणतं. तू भजन उणे 6 वर नेलंस, ते तिथे जवळजवळ 8 डेसिबलने खाली येणार. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

विवेकानंद जन्मोत्सवात इथे आश्रमाच्या मैदानात लाखोंच्या पंगतीला ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात. त्या मैदानात मोठा आवाज लागतोच, तो स्पीकरचा माणूस देईल. कानात हेडफोन घालून भजन ऐकणाऱ्याला तो कशाला?

तू नवखा आहेस, हे मी समजू शकतो. नवख्याला कान फसवतात. आवाज वाढला की खर्ज आणि झणझणीतपणा जास्त भरतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून प्लग-इन चालू-बंद करून ताडून पाहताना दोन्हीकडची पातळी सारखी करायची. मग कळतं, सुधारलं की नुसतं वाढलं. हे एवढं शिकायला पैसे पडत नाहीत. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं, त्यात इक्यू आणि कॉम्प्रेसर आहेतच, यूलीनचा लाउडनेस मीटरही फुकट मिळतो. पण तू मिक्स न करताच मास्टरकडे धावलास!

आता पुन्हा बस. मास्टरवरचे सगळे प्लग-इन काढ आणि नुसत्या फेडरवर तोल साध. बुवांच्या ट्रॅकवर 80 हर्ट्झच्या खालची घरघर काप, पण हा काप पखवाजावर लावलास तर त्या कणकेचा खर्जच जाईल. पेटी 300 ते 500 हर्ट्झमध्ये बुवांवर चढत असेल तर तिथे दोन-तीन डेसिबल उतरव. टाळ फार टोचत असतील तर त्यांचाच फेडर खाली घे. लिमिटर सगळ्यात शेवटी, कमाल पातळी उणे 1 डेसिबल, आणि त्याने एखाद-दुसरं टोक पकडलं तर पुरे.

मूळ ट्रॅक अजून तुझ्या हार्ड डिस्कवर असतील, ते पुसू नकोस. नवं मिक्स झालं की पखवाज वाजवणाऱ्याला शेजारी बसवून ऐकव. त्याला आपली थाप ओळखू आली, तरच फाइल गावात पाठव.

तुझ्या भजनाचा एक श्रोता,
हिवरा आश्रम, ता. मेहकर