काही अडचण असेल तर कळवा

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची तर आधी संकट लागतं. हे घटनेत कुठे लिहिलेलं नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा जास्त पाळलं जातं. रविवारच्या उपासनेत दुसरं गीत संपलं की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे काय?" की गेल्या आठवड्यात ज्यांचं काहीतरी बिघडलं होतं ते उठतात. कुणाचा मूतखडा ऑपरेशनशिवाय पडलेला असतो. कुणाची चोरीला गेलेली मोटरसायकल भिंगारच्या बाजूला सापडलेली असते (चाकं नसतात, पण सापडलेली असते). कुणाच्या जावयाची बदली गडचिरोलीहून राहुरीला झालेली असते. मंडळी हालेलूया म्हणते, आणि ज्याचं सगळं सुरळीत चाललंय तो बिचारा मान खाली घालून बाकावर बसून राहतो. "प्रभूच्या कृपेने या आठवड्यात मला काहीही झालं नाही," अशी साक्ष मी आजवर ऐकलेली नाही. आपण द्यावी असं एकदा मनात आलं होतं. आमचे हे म्हणाले, "बस खाली. लोकांना वाटेल, काहीतरी लपवतेय."

साक्षींमध्ये मानाची उतरंडही आहे. बायपासवाल्याची साक्ष झाल्यावर मूळव्याधीची साक्ष द्यायला उठणं म्हणजे भीमसेनांचं गाणं संपल्यावर पेटी पुढे ओढून बसणं.

पाळकसाहेब घरभेटीला येतात तेव्हाही हीच पंचाईत. "जय ख्रिस्त ताई, जय ख्रिस्त भाऊ, कसं काय? काही अडचण?" आम्ही म्हणतो, "नाही, सगळं बरं आहे." मग ते बायबल उघडतात, मिटतात, पंख्याकडे बघतात आणि विचारतात, "भाऊंची शुगर?" शुगर निघाली की त्यांचा चेहरा खुलतो. प्रार्थनेला विषय मिळाला! जाताना दारातून सांगून जातात, "काही अडचण असेल तर कळवा." अडचण नसेल तर काय करायचं, हे ते सांगत नाहीत. त्यांनाही कुणी शिकवलेलं नसावं.

चर्चच्या दाराशी दोन पेट्या आहेत. एकीवर 'प्रार्थना विनंती' लिहिलंय, दुसरीवर 'आभार'. पहिली लहान पडली म्हणून मोठी करून आणावी लागली. दुसरीची किल्ली हरवली, आणि हरवली आहे हे कळायलाच बरेच दिवस गेले. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, वाईट अक्षर वाचायची आयुष्यभराची सवय, म्हणून चिठ्ठ्या लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. व्हिसा, नोकरी, मूल, सून, बारावी, सावेडीतला फ्लॅट, वडिलोपार्जित जमीन. जमिनीच्या बाबतीत दोन्ही भावांच्या चिठ्ठ्या एकाच आठवड्यात येतात आणि दोघांनाही न्याय हवा असतो. मी त्या एकाच पिनेने टाचून ठेवते. पुढचं देवाने बघावं.

विनंती मान्य झाली की माणूस दिसेनासा होतो. मुलगा कॅनडाला जावा म्हणून जे नवरा-बायको बुधवारची प्रार्थनासभा एकदाही चुकवत नव्हते, ते मुलगा गेल्यावर बुधवारी त्याच्याशी व्हिडिओवर बोलतात, कारण तीच वेळ दोन्हीकडे सोयीची पडते. नवल नाही म्हणा. लूकच्या शुभवर्तमानात येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले आणि आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे परका. या उताऱ्यावर प्रवचन झालं की आमच्या खजिनदारांचा चेहरा मात्र उजळतो. दहात एक, म्हणजे दशमांश पूर्ण! "तेवढा जरी नियमित आला ना," ते म्हणतात, "तर मी काहीच बोलणार नाही."

आता सुखाकडे येते. मधे एका दानशूर कुटुंबाने चर्चला एसी दिले. बाकांवर गाद्याही आल्या. नगरचा उन्हाळा ज्याने भोगलाय तो या दात्यांना नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. पण पूर्वी पत्र्याखाली घामाने निथळत आम्ही जागे तरी असायचो. आता पहिल्या पाचच मिनिटांत पुरुषांच्या बाजूला माना डुलू लागतात, आणि त्या सहमतीने डुलत नाहीत. बायकांच्या बाजूला एसी सोळावर की चोवीसवर, यावरून पदरांची कुजबुज चालते. उपासनेत खंड पडू नये म्हणून ती कुजबुज गीत चालू असताना, सुरात करतात.

झोपणाऱ्यांच्या बाजूने मला एवढंच म्हणायचंय की त्यांची परंपरा जुनी आहे. त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगत पेंगत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तर मेलेला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, पोरगा जिवंत निघाला. मग पौल पुन्हा वर आला, जेवला, आणि पहाटेपर्यंत बोलला. प्रवचनाने माणूस मरून पुन्हा जिवंत झाला तरी प्रवचन आवरतं घ्यायचं नसतं, एवढा बोध मात्र आमच्या सगळ्या पाळकांनी न चुकता घेतलाय. गेथशेमाने बागेतली गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. शिष्य झोपले ते कधी? वल्हांडणाचं जेवण झाल्यावर. लूक म्हणतो, ते दुःखाने झोपले होते. लूक वैद्य होता, मी मास्तरीण आहे. जेवणानंतरच्या तासाला वर्ग का झोपतो, हे मला कुणी सांगू नये.

सुखाने माणूस देवाला विसरतो, ही तक्रार बायबलभर आहे. लावदिकीया नावाचं एक श्रीमंत शहर होतं. इ.स. 60 मध्ये भूकंपाने ते उद्ध्वस्त झालं तेव्हा रोमची मदत न घेता त्याने स्वतःला पुन्हा उभं केलं. प्रकटीकरणात तिथल्या मंडळीला ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही थंडही नाही, उष्णही नाही, कोमट आहात, ओकून टाकण्याच्या लायकीचे. गंमत अशी की हा उतारा वाचला जातो तेव्हा आमच्याकडे प्रत्येकाला तो शेजारच्या मंडळीबद्दल वाटतो.

पण दुःखाने तरी माणूस देवाला धरून राहतो का? इथे माझं प्रचारकांशी पटत नाही. योनाचं बघा. माशाच्या पोटात होता तेव्हा कशी सुरेख प्रार्थना केली त्याने, अगदी काव्यात. बाहेर पडला, काम केलं, आणि पुढे उन्हात बसला असताना देवाने त्याच्या डोक्यावर तुंबीचा वेल वाढवला, तेव्हा त्याला फार आनंद झाला. अख्ख्या पुस्तकात योना खूश झालेला एवढाच दिसतो, तोही सावलीसाठी. दुसऱ्या दिवशी किड्याने वेल खाल्ला आणि संदेष्टा मरण मागू लागला. म्हणजे सुखाने बिघडला असं म्हणावं, तर दुःखातही तो स्वतःबद्दलच बोलत होता. इस्राएल लोकही तसेच. गुलामगिरीत होते तेव्हा देवाचा धावा केला. सुटका झाली तर रानात बसून मिसरातल्या मासळीच्या, काकड्यांच्या, खरबुजांच्या, कांद्या-लसणाच्या आठवणी काढून रडले. आकाशातून रोज मान्ना पडत होता, पण कांद्याशिवाय जेवायचं म्हणजे काय! आमच्या मंडळीतल्या राहुरी-पारनेरकडच्या शेतकऱ्यांना जुन्या करारातला हा उतारा सगळ्यात जवळचा वाटतो. भाव पडलेला असेल त्या वर्षी तर फारच.

बाहेरगावचे एक प्रचारक आमच्याकडे उपास-प्रार्थनेसाठी येतात. पांढऱ्या मोठ्या गाडीतून येतात आणि दुःख ही देवाची शाळा आहे यावर दीड तास बोलतात. मग मटण-भाकरी जेवून जातात. त्यांचं ऐकताना मला माझी आजी आठवते. आजी नेवासा तालुक्यातली, वडाळ्याच्या बाजूची. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या आणि त्या मिलोला जन्मभर शिव्या दिल्या. एकदा कुणीतरी तिला म्हणालं, "आजी, त्या दिवसांत देवाची आठवण फार येत असेल नाही?" आजीने पानाची पिंक टाकली. "पोट रिकामं आसलं का द्येव न्हाई आठवत, भाकर आठवती. भाकर हातात आली का मंग द्येव आठवतो. त्याच्या आधी समदं ढोंग."

बरीच वर्षं मला वाटायचं की आजी धर्माच्या बाबतीत जरा उणीच. मग क्लॉ यांची हकिकत वाचली आणि आजीचं 'आधी भाकर, मग देव' पटलं. जॉन क्लॉ हे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी तेलुगू मुलखात ओंगोलला होते. 1876 ते 78 चा तो भयंकर दुष्काळ पडला. आपला दख्खनही त्यात होरपळला. क्लॉ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका तुकड्याचं कंत्राट घेतलं आणि भुकेल्या लोकांना कामाला लावलं, मजुरी दिली. लोक बाप्तिस्मा मागू लागले. क्लॉ नाही म्हणाले. भाकरीसाठी आलेत की प्रभूसाठी, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून वर्षाहून अधिक काळ त्यांनी बाप्तिस्मे बंद ठेवले. मदत संपली आणि भाकरीची आशा उरली नाही, तेव्हा लोक परत आले. 3 जुलै 1878 या एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मिशनवाल्या घराण्यांना 'भाकरीचे ख्रिस्ती' म्हणून पिढ्यान्पिढ्या टोमणे खावे लागले, म्हणून ही हकिकत मी संधी मिळेल तिथे सांगते. इथे संधी नव्हती, तरी सांगितली.

अडचण ज्याची त्याने स्वतः पत्करली तर गोष्ट वेगळी, असं म्हणतात. तसंच असेल. पण आमच्या नगरशी नातं असलेलं याचं मोठं उदाहरण म्हणजे रेव्हरंड टिळक. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. थोर गोष्ट आहे, मी हात जोडते. फक्त एवढं लक्षात घ्या की संन्यास एकाने घेतला तरी पीठ-मीठ दुसऱ्याला बघावं लागतं. पैसा हातात टिकू न देणाऱ्या नवऱ्याबरोबर लक्ष्मीबाईंनी संसार कसा केला, ते 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ते वाचताना आपण हसतो, हे त्या बाईचं केवढं कर्तृत्व! टिळक 1919 साली गेले. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, त्याचे बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. देवाकडे लक्ष कुणाचं जास्त होतं, संन्याशाचं की डबे झाडणारीचं, हा प्रश्न मी महिला मंडळात एकदा काढला होता. सभा लांबली. चहा गार झाला.

माझं मत विचाराल तर दुःखात आम्ही देवाच्या हाताकडे बघतो, काय देतोय म्हणून. सुखात आमच्या स्वतःच्या हाताकडे बघतो, काय मिळालंय म्हणून. त्याच्या तोंडाकडे बघायची वेळ दोन्हीकडे येत नाही. यात संकटाचा गुण नाही की एसीचा दोष नाही. गालीलच्या सरोवरात वादळ आलं तेव्हा शिष्य ओरडत होते आणि येशू नावेच्या मागच्या बाजूला झोपलेला होता. मार्क आवर्जून सांगतो, उशी घेऊन. म्हणजे वादळ असताना उशी घेण्यात पाप नाही. आमच्या गाद्यांवर आक्षेप घेणाऱ्यांना मी ही ओवी काढून दाखवते. घोरणाऱ्यांना दाखवत नाही.

कोविडमध्ये चर्चला कुलूप लागलं तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम बघायला मिळाल्या. भीती एवढी की फोनवरच्या प्रार्थनेला पहाटे पाचला माणसं हजर. आराम एवढा की रविवारची उपासना लोडाला टेकून, हातात चहा-खारी घेऊन, आणि पाळकसाहेब फार लांबले तर आवाज बंद करून. भीती गेली, आराम राहिला. काही कुटुंबं अजून घरूनच उपासना करतात. विचारलं तर म्हणतात, "देव सगळीकडे आहे की ताई." आहेच. बिछायतीतही आहे.

नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना आहे. दारिद्र्य देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको, माझ्या वाटणीचं अन्न तेवढं दे, असं तो मागतो. फार झालं तर 'कोण परमेश्वर?' असं म्हणून बसेन, आणि काहीच नसलं तर चोरी करून तुझ्या नावाला बट्टा लावीन, असं कारणही देतो. स्वतःला एवढं नीट ओळखणारा माणूस बायबलमध्येही विरळा. कॅलेंडरवर ही ओवी छापत नाहीत, लग्नपत्रिकेवरही कुणी घालत नाही.

आणि पेटीतल्या चिठ्ठ्या मीच लावते म्हणून खात्रीने सांगते, "प्रभू, फ्लॅट दे, पण एकच बेडरूमचा पुरे," अशी चिठ्ठी आमच्याकडे अजून आलेली नाही. कुणी लिहिणार असाल तर अक्षर तेवढं सुवाच्य काढा.