कॅसेटकाका

जालना जिल्ह्यात बियाण्याचे, सळईचे आणि मोसंबीचे जाणकार गल्लोगल्ली भेटतात. अलीकडे त्यांत कॅसेटकाकांची भर पडली आहे. नुकतेच निवृत्त झालेले, हाताशी संगणक असलेले, आणि माळ्यावरच्या व्हीएचएस कॅसेटींचा एकहाती ताबा घेतलेले. अंबडचे असोत की भोकरदनचे, ओळखायची खूण एकच. "काका, आमच्या लग्नाची कॅसेट द्या ना," म्हटलं की ते चष्मा वर सरकवून विचारतात, "कुठल्या फॉरमॅटमध्ये?"

संग्रह मात्र बघण्यासारखा असतो. १ मे १९८१ ला जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला आणि पुढच्या काही वर्षांत लग्नघरी बँडवाल्याच्या जोडीनं शूटिंगवाल्यालाही सुपारी जाऊ लागली. त्या काळातला सगळा ऐवज इथे आहे. मंगलाष्टकांवर चढवलेलं सिनेमाचं गाणं, बदामाच्या आकारात गरगर फिरणारी नवरानवरी, पंगतीत नेमका बुंदीचा घास तोंडात असताना मारलेला फ्लडलाइट. तीन तासांच्या कॅसेटीत दोन तास आहेर. त्यातही प्रत्येक आहेरवाला कॅमेऱ्याकडे बघत थांबलेला, पाकीट सोडायला तयार नाही.

एवढं सगळं कॅसेटीतून संगणकात उतरवायचं, तर कशात ठेवायचं? इथून काकांचा संसार बिघडतो.

पहिलं प्रेम एव्हीआय. मायक्रोसॉफ्टनं १९९२ मध्ये काढलेलं, म्हणजे काकांच्या मते खानदानी. डीव्ही पद्धतीनं उतरवलं तर तासाला सुमारे १३ जीबी. एका लग्नात चाळीसेक जीबी गेले. पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ वळणाचा, तो चार जीबीवरची फाईल उंबऱ्याच्या आतच घेईना. मग डीव्हीडीचं व्हीओबी. त्याचा एक तुकडा एक जीबीच्या पुढे जात नाही, त्यामुळे अंतरपाट एका फायलीत आणि माळ दुसऱ्या फायलीत. मधल्या काळात नवरी कुणाची होती, असा प्रश्न पडावा. मग एमपी४. हे सगळीकडे चालतं, मोबाईलवरही. पण फायलीची सूची बहुतेक वेळा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते, आणि आमच्याकडे वीज कुणाला विचारून जात नाही. अडीच तास उतरवल्यावर लाइट गेली, फाईल उघडेना. काकांनी दोन दिवस जेवताना शब्द काढला नाही.

शेवटी पुण्याच्या पुतण्यानं फोनवर एमकेव्ही सुचवलं. हे २००२ मधलं, रशियन बाहुल्यांवरून नाव पडलेलं. वीज गेली तरी तिथवरचं लग्न बहुधा शाबूत राहतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याला इंटरनेटचं प्रस्तावित मानक म्हणूनही मान्यता मिळाली. ही बातमी काकांनी घरचं कुणी दहावीला पहिलं आल्यासारखी कॉलनीभर सांगितली. दुसऱ्याच आठवड्यात परतूरहून जावयांचा फोन: "मामा, टीव्हीवर आवाज येतो, चित्र काहून येईना?" काका पुन्हा एमपी४ कडे.

काकू हे सगळं दाराआडून ऐकतात. एकदा न राहवून म्हणाल्या, "अहो, डबा स्टीलचा घेतला काय न् प्लास्टिकचा घेतला काय, लोणचं तेच राहतं ना?"

या विषयावर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे नुसते डबे. चित्र किती स्वच्छ आणि फाईल किती जड, हे आतल्या लोणच्यावर, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीवर, कोडेकवर, ठरतं. एच.२६४ या कोडेकचं चित्र एमकेव्हीतून एमपी४ मध्ये जसंच्या तसं हलवता येतं. काही मिनिटांचं काम, आणि चित्राचा कणभरही ऱ्हास नाही. पण काकांचा यावर विश्वास नाही. ते दर वेळी लोणचं नव्यानं फोडणीला टाकतात, म्हणजे सगळी फाईल पुन्हा एन्कोड करतात, रात्रभर. परिणामी चौथ्या फेरीत बदनापूरच्या आत्याबाईंच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन उरले. आत्याबाई आता नाहीत, त्यामुळे तक्रार कुणी केली नाही.

या धांदलीत निम्म्या कॅसेटी अजून माळ्यावरच आहेत. दर पावसाळ्यात त्यांच्या फितीवर थोडी बुरशी धरते. तिला कुठलाच फॉरमॅट वर्ज्य नाही.

तुमच्या घरीही असे काका असतील तर त्यांना एवढंच सांगा: उतरवलेली मूळ प्रत एमकेव्हीत ठेवा, पाहुण्यांना एमपी४ द्या, दोन वेगळ्या हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवा आणि वाद मिटवा. पण कॅसेट उतरवायला आधी ती चालवणारा व्हीसीआर लागतो, आणि जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तोवर ते बनवणारी तीच एक उरली होती. तेव्हा फॉरमॅट नंतर ठरवा, आधी ओळखीपाळखीत चालू स्थितीतला व्हीसीआर कुणाकडे आहे ते शोधा.