फोंदात्सा गल्लीतले मास्तर

प्रत्येक घराण्यात एक काका असतातच, ज्यांना गाव सोडवत नाही. काशीची तिकिटं हातात ठेवली तरी चष्मा पुसत विचारतात, "तिथं असं वेगळं काय असणार?" आळशी म्हणावं तर पहाटे उठतात. माणूसघाणे म्हणावं तर चहा पाजल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत. फक्त त्यांच्या टेबलावरच्या वस्तूंना हात लावायचा नाही.

या जमातीतले माझे सर्वांत लाडके गृहस्थ इटलीतल्या बोलोन्याचे. नाव जॉर्जो मोरांदी, जन्म १८९० चा. चित्रं काढायची आणि पोटासाठी मास्तरकी करायची. आधी शाळांमधून ड्रॉइंग शिकवलं, मग १९३० ते १९५६ तिथल्या कला अकादमीत एचिंग. लग्न केलं नाही. आन्ना, दिना आणि मारिया तेरेसा या बहिणींनीही केलं नाही. चौघं भावंडं फोंदात्सा गल्लीतल्या घरात राहिली. मास्तरांची निजायची खोली तोच स्टुडिओ. एक अरुंद खाट, आणि बाकी सगळा संसार बाटल्यांचा.

बाटल्या, सुरया, पत्र्याचे डबे, फुलदाण्या. नवी बाटली आली की मास्तर आधी तिचं लेबल काढत. चकाकी त्यांना खपत नसे, म्हणून काहींना रंगही फासत. मग ती निवांत धूळ खात बसे. ती धूळ झाडायची नाही! घरात तीन-तीन बहिणी, आणि मधोमध ही खोली. मास्तरांवर पुस्तकं पुष्कळ निघाली, बहिणींच्या संयमावर एक निघायला हवं होतं. कोणती वस्तू कुठं उभी होती याच्या पेन्सिलीच्या खुणा टेबलावरच्या कागदावर असत. डबा करंगळीएवढा डावीकडे की उजवीकडे, यात दिवसच्या दिवस जात.

एवढ्याशा खोलीत बसून या माणसाला जगातलं काय दिसणार, असं आपल्याला वाटतं. पण बोलोन्या हे गाव माणसाला एकटं सोडतच नाही. तिथं घराचा वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला, आणि त्याच्या पोटाखालून खांब-कमानींचा झाकलेला रस्ता. १२८८ साली नगराने कायदाच केला की नवं घर बांधायचं तर पुढे अशी कमान ठेवायचीच, तीही खालून घोडेस्वार जाईल एवढी उंच. आज या कमानी सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात. छत्री विसरलेला माणूस भर पावसात निम्मं गाव कोरडा हिंडतो. ऊनही थेट अंगावर येत नाही, गाळून येतं. भिंती विटकरी, गेरूच्या, काही पार विटलेल्या. उम्बेर्तो एको याच गावात प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं की या कमानींखालून हिंडल्याशिवाय, आणि तोच तांबूस रंग घरागणिक, गल्लीगणिक कसा बदलतो हे पाहिल्याशिवाय मोरांदी कळायचा नाही.

मला हे पटतं. मास्तर वर्षानुवर्षं त्याच कमानींखालून अकादमीत जात-येत राहिले. त्यांची उतारवयातली चित्रं पाहा. वस्तू एकमेकींना अशा खेटून उभ्या, की सामाईक भिंतीची घरंच. एकीची कड कुठं संपली आणि दुसरीची कुठं सुरू झाली, सांगता येत नाही. दोघींच्या फटीतली सावली थेट कमानीखालची. मागून एखादी लांब मानेची बाटली डोकावते, तेव्हा जाणकार लगेच गावातल्या ९७ मीटर उंचीच्या आसिनेल्ली बुरुजाकडे बोट दाखवतात. मास्तर यावर नुसते खोकले असते, असा माझा अंदाज. गंमत पुढेच आहे. याच खोलीच्या खिडकीतून दिसणारं अंगण त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलं, आणि त्यात समोरच्या घरांचे चक्क डबे झाले. टेबलावरच्या डब्यांची घरं, खिडकीबाहेरच्या घरांचे डबे. बाहेर जायचं कशाला?

परदेशात त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते १९५६ साली, पासष्टी गाठल्यावर, आणि तेही शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये. विंटरथुरला त्यांच्याच चित्रांचं प्रदर्शन होतं, टाळणार कसं? पुढच्या वर्षी साओ पावलोच्या बिएनालेत चित्रकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. ब्राझीलला चित्रं गेली, मास्तर घरी राहिले.

उन्हाळ्यात मात्र ते डोंगरातल्या ग्रिझाना या खेड्यात जात. त्याला प्रवास म्हणायचं तर आजोळी जाणारी पोरंही प्रवासी ठरतील. मास्तर १९६४ साली गेले, आणि १९८५ साली त्या गावाने स्वतःच्या नावापुढे त्यांचं आडनाव जोडलं. चार लोकांच्या नजरेत येणं ज्यांना नकोसं वाटे, त्यांचं नाव आता तिथल्या प्रत्येक पत्रावर, गावाच्या पत्त्यातच लिहावं लागतं.