कायमच्या प्रमुख पाहुण्यांस

प्रति,
मा. प्रमुख पाहुणे,
जागतिक दिव्यांग दिन (दर 3 डिसेंबर)

साहेब,

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आमच्या गावी येऊन आपण पोरांना ‘खचून जाऊ नका’ असं सांगितलंत, त्याबद्दल आभार. पोरं खचली नव्हती, भाषण लांबल्यानं भुकेली होती. असो.

आपल्या हस्ते सुरू झालेलं मेणबत्ती प्रशिक्षण जोरात आहे. दिसत नसो, ऐकू येत नसो, चालता येत नसो, सगळ्यांवर उतारा एकच. पोरगं फारच हुशार निघालं तर खडू. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की या मेणबत्त्या कमरेतून वाकतात. पाहुण्यांची सवय झाली असावी.

2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार 7 चे 21 केले, सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 चं 4 टक्के केलं. धंदे मात्र आपण दोनच ठेवलेत, घोळ नको. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभाराकडे काम शिकावं असं लिहिलंय. अशा वेळी ‘त्याला कशाला त्रास, राहू द्या घरीच’ म्हणणारी दयाळू माणसं गावोगाव आहेत. हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम 1937 साली वर्ध्यातच मांडली गेली. हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी आनंदवनात बोटं झडलेल्यांना सोबत घेऊन विहीर खणली. दोघांचेही फोटो आपल्या मागच्या बॅनरवर होते. फोटोंना आमच्या जिल्ह्यात तोटा नाही.

एका पोट्ट्याला ऐकू येत नाही. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तो चालू मोटारीवर तळवा टेकवतो आणि बेअरिंग गेल्याचं खुणेनं सांगतो. पाच मिनिटांत त्याला हाकलतात: करंट लागेल! दुकानदाराला आजवर लागलाच नाही, असं थोडंच आहे?

दवाखाने तर या पोरांना पाठ आहेत, पण बाकावरून. औषधाच्या खिडकीआड साठ्याची वही कशी भरतात, रक्ताची स्लाइड कशी रंगवतात, हे दाखवायला एक दिवस आत कोण घेतो? तिथं ते पेशंट. कामाला लागतील हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आता मुद्द्याचं. कॅलिपर घातलेली नववीतली मुलगी सूत्रसंचालन करत होती, आठवते? वीज गेली, माइक बसला, तरी तिनं सभा हलू दिली नाही. तिला आपलं काम शिकायचंय. यंदा शाल-नारळ राहू द्या, तिला दिवसभर सोबत ठेवा. फीत कशी कापायची, जुनी घोषणा तिसऱ्यांदा नवी कशी करायची, गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की फोन कानाला कसा लावायचा, सगळं ती जवळून बघेल.

आपलं कार्यालय वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, असं कळतं. काळजी नसावी. आपलं टेबल खाली आणायला चार माणसं आम्ही पाठवू.

आपला,
सतरंज्या उचलणारा एक,
आंजी (मोठी), जि. वर्धा