आवाज नसलेला पंखा

न्यू जर्सीत घर घेतलं की मराठी माणूस आधी कुंडीत कढीपत्ता लावतो आणि मग बेसमेंट ‘फिनिश’ करून घेतो. कढीपत्ता आमटीसाठी, बेसमेंट व्हिसावर सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांसाठी. आमच्याही बेसमेंटमध्ये खोली झाली, बाथरूम झाली. खिडकी होणं शक्य नव्हतं, कारण भिंतीपलीकडे माती. त्यात माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, अंघोळ कढत पाण्याची लागते. एका हिवाळ्यात छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली आणि एक्झॉस्ट फॅन बसवायचं ठरलं.

‘‘त्यात काय एवढं बसवायचंय?’’ अप्पा म्हणाले. पुण्याच्या हिशेबाने खरंच काही नाही. वायरमन येतो, व्हेंटिलेटरच्या दोन काचा काढतो, सहा इंची पंखा अडकवतो, चहा पिऊन जातो. पंखा वाफ इमारतीच्या डक्टमध्ये सोडतो. पुढचं वरच्या मजल्यावरचे बघून घेतात.

इथे वाफेला आधी रस्ता काढून द्यावा लागतो. छताचं ड्रायवॉल कापा, दोन जॉइस्टच्या मधून चार इंची पाइप न्या आणि काँक्रीटच्या पायावर घराची जी लाकडी कड जमिनीच्या वर डोकावते, तिला आरपार भोक पाडा. पाइप जॉइस्टच्या दिशेने गेला तर सुटलात. आडवा न्यायचा तर ज्यांच्यावर वरचं स्वयंपाकघर उभं आहे त्या तुळयाच पोखरायच्या. पाइपला आच्छादन हवं, बाहेरच्या बाजूला उतार हवा. नाहीतर जानेवारीत वाफ वाटेतच गार होते आणि अंघोळ करून गेलेलं पाणी डोक्यावर परत येतं. परमिटबद्दल लिहीत नाही, दिवाळी अंकाला पानांची मर्यादा असते.

संक्रांतीला मंडळात विषय काढला, तर जन्मात बल्ब न बदललेले लोकही सीएफएमवर बोलू लागले. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. चौरस फुटाला एक, पण किमान ५० असा ढोबळ हिशेब. आमची बाथरूम ४० चौरस फुटांची. तरी एका काकांनी ११०चा घ्यायला सांगितलं, ‘‘पोरं मोठी होतात हो.’’

मी ५०चाच, पण महागातला घेतला: ०.३ सोन. सोन हे आवाजाचं माप. शांत फ्रिज म्हणजे साधारण एक सोन. भिंतीतून भोक आरपार गेलं, इलेक्ट्रिशियन जोडून गेला, अप्पांनी बटण दाबलं, कान लावला.

‘‘जावईबापू, लागला नाही हो.’’

‘‘चालू आहे, अप्पा.’’

‘‘मग आवाज?’’

आवाज नसण्याचेच पैसे दिलेत, हे त्यांना पटेना. त्यांनी उदबत्ती पेटवली. धूर जाळीपाशी घुटमळला आणि आरशाकडे वळला. पंख्याला हवा बाहेर टाकायची तर दाराखालून आत यायला पाऊण इंच फट लागते. त्या फटीत, गार वारा येतो म्हणून, अप्पांनीच पंचा कोंबला होता. तो ओढला आणि धूर तिरपा होऊन जाळीत शिरला. तेवढ्याने भागलं नाही. मला बर्फात बाहेर उभं केलं.

‘‘येतोय का?’’ पाइपातून आवाज आला.

‘‘येतोय! चंदनाचा!’’

पण ऐकूच येत नसल्यामुळे पंखा रात्रभर चालू राहायला लागला. शेवटी किल्लीचा टायमर बसवला: पिळला की वीस मिनिटांनी आपोआप बंद. तो खणखणीत टिकटिकतो. अप्पा आता म्हणतात, पंखा दुरुस्त झाला.